मंडळी सोडली, पण वीज कडाडली की अजून घरातली माणसं मोजते

वेचणी

नमस्कार, सलाम, जयभीम, रामराम. सगळ्यांना एकदाच घातलं, म्हणजे मी कुठल्या गटातली हे ओळखायची घाई कोणाला होणार नाही.

वय ३३. हिंगणघाट तालुका. गावाचं नाव लिहीत नाही, आमच्याएवढ्या गावात नाव लिहिणं म्हणजे घर नंबर लिहिण्यासारखंच आहे. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे.

परवा मृगाचा पहिला पाऊस आला. सहाच्या सुमारास घरी पोचले तर दार सताड उघडं, आईच्या चपला उंबऱ्यापाशी, गॅसवर चहाचं आधण आटून अर्धं झालेलं, आणि घरात कोणी नाही. भावाला हाक मारली, ओ नाही. तेवढ्यात वीज कडाडली. पुढे मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण त्याच्यासाठीच धागा काढला आहे. मी तशीच भिजत पाळकीणबाईंच्या, म्हणजे आमच्या जुन्या मंडळीच्या पाळकांच्या बायकोच्या, घराकडे धावत सुटले. त्या घरी आहेत का, एवढंच पाहायला.

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी: मंडळी म्हणजे आमचा ख्रिस्ती प्रार्थनागट, पाळक म्हणजे त्याचे धर्मगुरू. तिथे शिकवत की कर्णा वाजेल, प्रभू येईल, खरे विश्वासी एका क्षणात वर उचलले जातील आणि बाकीचे खाली राहतील. चुलीवरचं चुलीवर, हातातलं हातात. मी अकरा वर्षांची असताना एकदा शाळेतून आले तर घर असंच रिकामं होतं. तेव्हा मी एक युक्ती शोधून काढली. उचलायचंच झालं तर गावातून पहिल्या पाळकीणबाई जाणार. त्या दिसल्या तर अजून काही झालेलं नाही. मी धावत गेले, त्या मागच्या अंगणात राखेनं गंज-भांडी घासत होत्या. 'काय गं?' म्हणाल्या. 'काही नाही' म्हणून परत आले. पुढे कितीतरी वर्षं मी तसं बघून येत होते. त्यांना वाटायचं पोरीला आपला फार लळा आहे.

परवा आई शेजारच्यांच्या गच्चीवर होती. अनवाणीच धावली होती, त्यांचे सरगुंडे वाळत होते म्हणून. भाऊ ताडपत्री धरून उभा. मी अर्ध्या रस्त्यातून त्यांना पाहिलं आणि खाली चिखलात बसले.

मंडळी सोडून सहा वर्षं झाली आहेत. देव आहे का नाही या प्रश्नानं आता माझी झोप उडत नाही. पण पाय ऐकत नाहीत.

आता मागचं. बाप दारू प्यायचा. आमचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा, सेवाग्राम-पवनारचा, आणि त्या दारूबंदीत माझा बाप पिऊन मरायला टेकला होता. गावात मोहाची मिळायची, वर्धा नदी ओलांडली की देशी. मी नऊ वर्षांची असताना या मंडळीतले एक ब्रदर घरी आले, तीन रात्री बापाजवळ बसले, त्याची ओकारी धुतली. बापानं दारू सोडली ती मरेपर्यंत. हे मी कधीही नाकारणार नाही. त्या माणसाच्या जागी तालुक्याचा कोणी अधिकारी, कोणी नातेवाईक, कोणी महाराज येऊन बसला असता तर आम्ही त्याच्या मागे गेलो असतो. कोणी आलं नव्हतं.

मग टिनाचा शेड, एक कीबोर्ड, दोन स्पीकर. रविवारी दहा ते दोन, बुधवारी उपास-प्रार्थना, शुक्रवारी घरसभा. सोयाबीन विकल्याच्या पट्टीवरचा दहावा हिस्सा, दशमांश, मंडळीला. टीव्ही विकला. कुंकवाच्या घरी हळदी-कुंकवाला जायचं नाही, भुलाबाईला जायचं नाही, मामाच्या लग्नात अक्षता टाकायच्या नाहीत. मामा त्यानंतर कधी आला नाही.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला लहानपणापासून फिट येते. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांवर दोन वर्षं चांगला होता. सोळाव्या वर्षी तालुक्याला मोठी सभा झाली, मांडव, लाइटी, बाहेरून आलेले पाहुणे. त्याला स्टेजवर नेलं, डोक्यावर हात ठेवला, माईक दिला. त्यानं साक्ष दिली: 'प्रभूनं मला बरं केलं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईनं रडून रडून पदर भिजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गोळीला हात घातला तर आई म्हणाली, 'अरे, काल तू सगळ्यांसमोर सांगितलंस ना?' पाकीट पाळकांकडे नेऊन दिलं.

थंडीत तो चुलीपाशी शेकत बसला होता. फिट आली, डावा हात इस्तवात गेला. आई गोठ्यात होती. दोन बोटं आता उघडत नाहीत. मंडळीत सांगितलं गेलं, मुलाचा विश्वास डळमळला असेल. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्यालाही तेच वाटलं.

मी त्यानंतरही दोन वर्षं जात होते. हे कोणाला समजावून सांगता येत नाही.

सोडल्यावर जो तो माझी साक्ष मागतो. गावातल्या एका मंडळाला शाल-नारळ देऊन फोटो काढायचा होता. विज्ञानवादी सरांना कॉलेजात भाषण हवं होतं. चुलतभावाला स्टेटसला टाकायचं होतं. नऊ ते सत्तावीस मी साक्षीच देत आले, आता कोणत्याच माईकपुढे नको वाटतं. (हे लिहितानाही वाटतंय की साक्षच चालली आहे. आधी अंधार, मग... तेच वळण. हात सवयीनं तसाच लिहितो.)

माझे प्रश्न दोनच. ही अंगातली भीती जाते का? आणि आई अजून तिथेच आहे, एका घरात कसं राहायचं?

धुऱ्यावरचा

ताई, बुलडाण्याकडचा हावो. तुमचं वाचून मले माह्या महालक्ष्म्या आठवल्या.

आमच्याकडं सांगत, मूर्तीपुढचं खाल्लं का त्याच्यातून दुरात्मा पोटात जाते. पंधरा वर्स कोनाच्या घरचा परसाद नाही खाल्ला. पोयाच्या दिवशी पुरनाची पोयी नाही, गनपतीचा मोदक नाही. शाळेत पोट्टे धरून तोंडात कोंबत, मी थुकून देत होतो अन् मंग दिवसभर 'येशूचं रक्त, येशूचं रक्त' म्हनत होतो.

सोडल्याच्या दुसऱ्या वर्सी दोस्ताच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवन. आंबील, पुरनपोयी, सोळा भाज्यांची भाजी, कढी, वडे. म्हनलं आज पाहूनच घेऊ. सगळं हानलं. घरी येऊन रातभर जागा. दुरात्मा कवा येते वाट पाहून राह्यलो. पहाटे चारले पोटात गुडगुड झालं. म्हनलं, आला! आला तं खरा, पर दुरात्मा नव्हता, आंबील होती. सा खेपा झाल्या.

आता दरसाल जातो. दोस्ताची माय आधी मलेच वाढते. पर पयला घास अजूनबी हातात थांबते, खोटं कायले सांगू. बारा वर्स झाले.

शंकेखोर

धागाकर्त्या, धाडसाबद्दल अभिनंदन. भीतीवर एकच उपाय, तिचा उगम शोधा. तुम्हाला जे 'दोन हजार वर्षांचं सत्य' म्हणून शिकवलं ते फार ताजं आहे. जगावर महासंकट यायच्या आधीच विश्वासी गुपचूप उचलले जातील ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकानं रुजवली. १९०९ साली अमेरिकेत स्कोफिल्ड नावाच्या गृहस्थानं बायबलच्या तळटीपांत ती छापली आणि लोक तळटीपच मूळ वचन समजू लागले. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्दही १९२० चा. त्याआधी १९१० ते १९१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका तेल व्यापाऱ्याच्या पैशानं 'फंडामेंटल्स' नावाच्या बारा पुस्तिका छापून फुकट वाटल्या गेल्या, त्यावरून तो पडला. तारखाही किती चुकल्या पाहा: २२ ऑक्टोबर १८४४ ला अमेरिकेत हजारो लोक प्रभूची वाट पाहत राहिले. २१ मे २०११ ची तर जगभर पोस्टरं लागली होती. काही झालं नाही.

एकूण काय, सगळे धर्म हेच करतात. तुम्ही हे उघडपणे, नावानिशी बोललात तर अनेकांचे डोळे उघडतील.

वेचणी

शंकेखोर, डार्बीचं माहीत नव्हतं, खरंच आभार. आमच्या टिनाच्या शेडातली भीती कुठल्या तरी तळटीपेतून आली हे वाचून आधी हसू आलं, मग खूप राग आला. २१ मे २०११ मात्र चांगलीच आठवते. आमच्याकडे पत्रक आलं होतं. पाळक म्हणाले, तारखा सांगणारे खोटे संदेष्टे. आणि त्याच प्रवचनात म्हणाले, पण आज रात्रीही येऊ शकतो. म्हणजे तारीख चुकायची सोयच ठेवली नव्हती.

नावानिशी बोला म्हणता, तुमच्याकडेही साक्ष लागतेच का हो?

जुनी वाट

बाई, मी यवतमाळचा, निवृत्त शिक्षक, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. आमचं देऊळ जुन्या मिशनचं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तुम्ही ज्या मंडळीचं लिहिता ती आणि आम्ही एकाच नावाखाली मोजले जातो याचं दुःख होतं. आमच्या गावी १९८३ पर्यंत पाळक घडवणारी मोठी सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. तिथले विद्यार्थी आमच्या ओट्यावर बसून वचनांवर तासन्‌तास वाद घालत. वाद घालणं पाप आहे असं आम्हाला कोणी शिकवलं नाही.

तुमच्या भावाला सांगा: बायबलातला लूक हा वैद्य होता, प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. तीमथ्याचं पोट बिघडायचं तर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, स्टेजवर बोलावलं नाही. आणि तो दिवस, ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, मत्तय २४:३६.

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही. मंडळीची चौकट सोडणं आणि ख्रिस्त सोडणं या दोन गोष्टी आहेत, एवढंच म्हणायचं होतं.

वेचणी

काका, सलाम. तुमचा एकही शब्द मला लागला नाही, हे आधी सांगते. लूकचं मी भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'हे तेव्हा कोणी काऊन नाही सांगितलं?'

पण माझ्याबद्दल सांगायचं तर वचनानं वचन खोडायची ताकद आता राहिली नाही. जखमेवर लावायचं औषध त्याच बाटलीतलं आहे असं वाटतं. तुमच्यासाठी ती बाटली वेगळी आहे, मला कळतं. टिळकांचे अभंग मात्र मी अजून गुणगुणते. आमच्या मंडळीत ते चालत नसत, जगिक, म्हणजे ऐहिक, चाल म्हणून. पहिल्यांदा ऐकले ते तुमच्यासारख्याच एका जुन्या देवळात, बापाच्या मातीच्या वेळी.

त्याचंही लिहिते. बाप दोन वर्षांपूर्वी गेला. आमच्या मंडळीला स्वतःचं कब्रस्तान नाही. जुन्या मिशनच्या कब्रस्तानात सभासदांनाच जागा, आणि आमच्या पाळकांनी त्याच लोकांना वर्षानुवर्षं 'नावाचे ख्रिस्ती' म्हटलेलं. गावाच्या स्मशानात काही लोक आडवे आले. प्रेत अंगणात, वैशाखाचं ऊन, आणि मी, जी कशातच नाही, ती तिन्हीकडे फोन करत होते. शेवटी मिशनच्याच एका म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी जागा दिली. म्हणाले, 'मेलेल्याला कोण सभासद विचारतं?' पण मातीवर प्रार्थना करायला आमचे पाळक उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'या घरातलं एक मेंढरू अजून रानात आहे, बापाचा आत्मा त्यासाठी तळमळत गेला.' मूठभर माती टाकायची होती, ती माझ्या हातातच राहिली. घरी आल्यावर पाहिलं तर मूठ तशीच.

विश्वासात पुढे

ताई, माझ्या घरात प्रभूनंच सगळं दिलं. तुमच्यासाठी रोज पहाटे प्रार्थना करतोय. तुम्ही परत याल हे मला दाखवलं गेलं आहे.

वेचणी

दादा, तुमची प्रार्थना कोणती आणि धमकी कोणती, हे मला अजून ओळखू येत नाही. तुमचा हेतू चांगला असेल. 'दाखवलं गेलं आहे' हे शब्द तेवढे वापरू नका, विनंती.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकात धागाकर्तीला 'स्वधर्मात परत' आणण्यासाठी कार्यक्रमाची तारीख आणि गाडीची सोय कळवली होती, दुसऱ्यात त्याला उत्तर म्हणून शिव्या होत्या. धागा कोणाच्या भरतीसाठी नाही.

धुऱ्यावरचा

गाडीची सोय व्हती तं जेवन कायचं व्हतं तेबी इचारून घ्यायचं होतं बाप्पा.

वावरातला डॉक्टर

प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्या हिशेबानं वाचा.

आधी भावाचं, कारण ते जास्त तातडीचं. फिटच्या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं, फिट पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकते, लागोपाठही येऊ शकते. निदान दोन वर्षं एकही फिट आली नाही तरच डॉक्टर बंद करायचा विचार करतात, आणि तेव्हाही हळूहळू कमी करत. म्हणजे भाऊ बरा वाटत होता तो त्या गोळ्यांमुळेच. सभेनंतर काही दिवस फिट आली नाही म्हणून लोकांना चमत्कार वाटला असेल. आता घेतो ना? रात्रीची चुकते का? चूल, विहीर, ट्रॅक्टर यांच्यापाशी एकटा नको.

आता तुमचं. अठरा वर्षं शरीराला जे शिकवलं ते सहा वर्षांत डोक्यानं खोडलं, शरीरानं खोडलं नाही, यात तुमची काही कमतरता नाही. मार्लीन विनेल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अशा त्रासाला धार्मिक आघात अशा अर्थाचं नाव दिलं. आजारांच्या अधिकृत यादीत ते नाव नाही, पण छातीत धडधड, वाईट स्वप्नं, अपराधी वाटणं हे सगळं आम्ही रोज बघतो आणि त्यावर उपचार आहेत.

एक गोष्ट नीट वाचा. तुम्ही पाळकीणबाईंच्या घराकडे धावलात, पूर्वी त्या दिसल्या की जीव भांड्यात पडायचा. तो भांड्यात पडलेला जीवच भीतीला खुराक घालतो. दर वेळी बघून आलात की शरीराला पटतं, धोका खरा होता, बघितलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घर रिकामं दिसलं तर बघायला जाऊ नका. दारात बसा. घड्याळ लावून पाच मिनिटं. मग पुढच्या वेळी दहा. भीती चढेल, टोकाला जाईल, आणि आपोआप उतरेल. ती उतरते हे शरीराला कळू द्यायचं. एकटीला जड गेलं तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

आईशी वाद घालू नका. माझ्याकडे एक आजी शुगरच्या गोळ्या सोडून प्रार्थनेचं तेल लावायच्या. मी म्हटलं, आजी, प्रार्थना गोळी हातात घेऊन करा. आता करतात. माझ्या शास्त्राला त्यात काही अडचण नाही.

शंकेखोर

डॉक्टर, हे तडजोडीचं नाही का? कायदा आहे ना आपल्याकडे २०१३ चा, जादूटोणाविरोधी.

वावरातला डॉक्टर

आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात स्पष्ट गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात मला त्याचा उपयोग होतो. पण मुलाच्या गोळ्या मुलाची आईच स्वतःच्या हातानं पाळकाला नेऊन देते तेव्हा मी कोणावर गुन्हा दाखल करू? आईवर?

निळी पहाट

अमरावतीहून. माझ्या आजीनं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली, आणि तिचाच एक मुलगा, माझा काका, पुढे अशाच मंडळीत गेला. त्याच्या मुली आता बाहेर पडल्यात, त्यांच्या कागदपत्रांवरून सांगते, कारण या धाग्यावर कोणाला तरी हे लागेलच.

१९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. आदिवासींना धर्माची अट नाही, म्हणून मेळघाट-गडचिरोलीकडच्यांनी या भीतीनं गप्प बसू नये. जे परत येतात त्यांच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: मूळ जात यादीतली असल्याचा पुरावा, मूळ धर्मात परतल्याचा पुरावा आणि समाजानं स्वीकारल्याचा पुरावा. वेचणीताई, तिसरी अट वाचून मला तुमचीच आठवण झाली. 'मी आता कशातच नाही' असं म्हणणाऱ्यासाठी त्या यादीत रकानाच नाही. तिथेही चार लोक उभे करून साक्ष द्यावी लागते.

वकिलाला दाखवल्याशिवाय कुठलंही शपथपत्र करू नका. गावातली माणसं स्टॅम्प पेपर घेऊन तयारच असतात.

बहिणींचं अजून एक. त्यांना सगळ्यात जड रविवार गेला. दहा ते दोन काय करायचं तेच कळेना. डोक्याला तेल लावायच्या, धुणं काढायच्या, तरी बारालाच सगळं संपायचं. मग धाकटी तालुक्याला शिवणक्लासला जाऊ लागली, रविवारचीच बॅच घेतली मुद्दाम. मोठी अजून त्या वेळात झोपते. तेही चालतं.

वेचणी

रविवारबद्दल अगदी अगदी. मी पहिलं वर्ष दहा वाजता कपडे घालून तयार होऊन खाटेवर बसत असे.

डॉक्टर, भाऊ गोळ्या घेतो, चुकत नाही. डबा मी भरते, सात खान्यांचा. आईचं काय चालतं ते तुमचं वाचल्यावर नीट पाहिलं. ती रात्री त्याच्या उशाशी उभी राहून पुटपुटते, मी आजवर दात-ओठ खाऊन दुसऱ्या खोलीत जात असे. काल थांबले. ती डब्यावर हात ठेवून प्रार्थना करत होती. 'गुरुवार'च्या खान्यावर. किती दिवसांपासून करते विचारलं तर म्हणाली, 'हात भाजला तवापासून.' आठ वर्षं. मंडळीत तिनं हे कधी सांगितलं नाही. मलाही नाही.

अजून आत

नवीन आयडी काढून लिहीत आहे. रात्री पांघरुणात. मी १९, बी.ए. दुसरं वर्ष, मंडळीच्या कोयरमध्ये (गाणाऱ्यांच्या गटात) आहे. मागच्या महिन्यात अन्य भाषेत (आत्मा उतरला की तोंडून निघतात म्हणतात ते न कळणारे बोल) बोलायची वेळ आली तेव्हा मला आतून काहीच आलं नाही, मी शेजारणीचे आवाज ऐकून तसेच काढले. सगळे म्हणाले अभिषेक झाला. तेव्हापासून झोप नाही. पवित्र आत्म्याची निंदा केली तर क्षमा नाही ना? आणि बायबलातल्या इब्रीच्या सहाव्या अध्यायात लिहिलं आहे की एकदा प्रकाश मिळून मागे फिरला तर पुन्हा नाही. मग मी आत राहिले तरी गेले, बाहेर पडले तरी गेले. वेचणीताई, तुम्हाला खरंच काही होत नाही का? शिक्षा वगैरे.

जुनी वाट

बेटी, ज्याला आपण ते पाप केलं का अशी भीती वाटते त्यानं ते केलेलं नसतं, असं आमचे जुने पाळक सांगत. शेजारणीनं कोणाचे ऐकून काढले असतील, कधी विचारून पाहा. इतकंच बोलतो, बाकी वेचणीबाई सांगतील.

वेचणी

पोरी, आधी पाणी पी.

मी पण आवाज काढत होते. अठरा वर्षांत किती वेळा ते मोजलं नाही. शिक्षेचं विचारतेस, तर सहा वर्षांत माझं काय काय झालं सांगते: एकदा डेंग्यू झाला, गावात अर्ध्या घरांना झाला होता, पाळकांच्या घरीही. गाडी पंक्चर होते. सोयाबीनला मागच्या साली येलो मोझॅक आला, तो धुऱ्याच्या दोन्ही बाजूला आला. पहिली दोन वर्षं मी यातल्या प्रत्येक गोष्टीला शिक्षा समजले.

घोषणा करू नकोस. मी सोडते आहे, माझा विश्वास नाही, असं उभं राहून सांगायची काही गरज नाही, कोयरमध्ये उभं राहून तर नाहीच. घसा बसला म्हण. परीक्षा म्हण. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टी.सी., आधार, बँकेचं पासबुक कोणाकडे आहे ते पाहा, तुझ्याकडे घे. लग्नाचं काही चाललं आहे का घरात? पाळकांच्या नात्यात वगैरे? असलं तर आधी ते सांग. आणि रात्री फार वाटलं तर डॉक्टरांनी दिलेला नंबर आहे, १४४१६, मी काल स्वतः लावून पाहिला, उचलला.

अजून आत

लग्नाचं चाललं आहे. उन्हाळ्यात बघायला आले होते. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. मार्कशीट आईच्या पेटीत. पेटीची किल्ली आईच्या कमरेला.

धुऱ्यावरचा

मार्कशीटची दुसरी प्रत बोर्डातून निघते पोरी. नागपूरले विभागीय मंडळ हाय, अर्ज करा लागते, पैसे भरा लागते. किल्लीच्या भानगडीत पडू नको.

वेचणी

आजचं लिहिते. चार वाजता आभाळ भरून आलं. घरी आले तर परत तेच, दार उघडं, घर रिकामं. वीज पडली ती शेतशिवाराकडे कुठे तरी, खिडकी थरथरली. दारात बसले. मोबाईलवर घड्याळ लावलं. तिसऱ्या मिनिटाला पाय इतके कापत होते की पितळी लोटा खाली पडला. सातव्या मिनिटाला रडू आलं. अकराव्याला आई आली, डोक्यावर बोरा घेऊन, खाली कुटार भिजू नये म्हणून धडपडत. म्हणाली, 'दारात काऊन बसली? धर की इकडून.' धरलं.

डॉक्टर, उतरली. थोडी.

वावरातला डॉक्टर

अकरा मिनिटं पुष्कळ झाली.

अजून आत

ताई, हिंगणघाट मला बसनं दीड तास आहे. दुसऱ्या कॉलेजात ॲडमिशनचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे. आमच्या गावच्या सेंटरवाला मंडळीतलाच आहे. तुमच्या पंचायतीत होईल का?

वेचणी

ये. आधार आणि ओटीपीचा मोबाईल घेऊन ये, फोटो इथे काढू. सोमवारी येऊ नको, सोमवारी लिंकच चालत नाही.